दोन पुड्या आणि एक डबी धूळ

तीन वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं म्हणायची सोय नाही. शाळेतून निवृत्त होऊन मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि वाडीतल्या केळींना पाणी सोडणं आणि वाचत बसणं याखेरीज मला दिवसभरात दुसरं काम नव्हतं. आताही नाही.

पत्र ॲनिशाचं होतं. बावीस वर्षांपूर्वी ती माझ्या नववीच्या वर्गात होती. पुढे तिच्या वडिलांनी आमचं वसईतलं वटार गाव सोडलं, ती शिकत शिकत बंगळूरला पोचली आणि आता तिथल्या एका प्रयोगशाळेत हवेचा अभ्यास करते. ‘प्लासिड सर, तुम्ही फोन उचलत नाही असं सगळे सांगतात, म्हणून पत्र लिहिते,’ अशी सुरुवात होती. ते खरंच आहे. फोन वाजला की समोरचा माणूस काय विचारेल याची मला इतकी धास्ती वाटते की उचलेपर्यंत तो थांबतो.

पुढे तिनं लिहिलं होतं:

‘सर, तो तास आठवतो का? वर्गाच्या छपरातलं एक कौल सरकलं होतं. तिथून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात धूळ नाचायची. मी विचारलं होतं, या कणांवर ऊन पडतं तेव्हा त्यांना काही होतं का? तुम्ही म्हणालात, मला माहीत नाही, तू शोध आणि मलाही सांग. शिक्षक “मला माहीत नाही” म्हणू शकतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणून आता सांगते आहे.

‘धुळीचा कण दिसतो तितका स्वस्थ नसतो. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू हवेत फिरता फिरता आम्ल होतात आणि कणाला जाऊन चिकटतात. पूर्वी समज असा होता की चिकटले म्हणजे संपले. कण कधीतरी खाली बसेल, नाहीतर पावसात धुऊन जाईल. पण त्यावर ऊन पडलं की चिकटलेल्यातलं काही सुटतं आणि पुन्हा वायू होऊन हवेत जातं. मग त्यातून ओझोन तयार होतो, हवेतली घाण खाणारे चपळ रेणू तयार होतात, एकातून एक गोष्टी घडत जातात. कणात लोह असलं, टायटॅनियम असलं, समुद्राचं मीठ असलं, तर हे सगळं वेगळ्या वेगानं होतं. सर, प्रत्येक कण म्हणजे एक एवढीशी चूल आहे. विस्तव उन्हाचा.

‘मला आपल्याकडची धूळ हवी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हायवे आणि मध्ये वाड्या, अशी जागा मला दुसरीकडे सापडत नाही. एकाच ठिकाणची दोन प्रकारची हवी: बरेच दिवस उन्हात राहिलेली आणि तिथेच पण सावलीत राहिलेली. चमचाचमचाभर पुरे. पाठवाल?’

यात उत्तर न देण्यासारखं काय होतं, असं कोणीही विचारेल. अडचण अशी की मला तो तास चांगला आठवत होता. कौल आठवत होतं, तिरीप आठवत होती, आणि मी काय म्हणालो तेही आठवत होतं. मी म्हणालो होतो, “काही होत नाही. धूळ ती धूळ. चमकते, बस्स. खाली बस.” सगळा वर्ग हसला होता. ॲनिशा खाली बसली आणि तास संपेपर्यंत त्या तिरिपेकडे बघत राहिली.

म्हणजे मी न बोललेल्या वाक्याबद्दल ही मुलगी माझे आभार मानत होती. ‘हो, आठवतं’ असं लिहावं तर ते खोटं. खरं लिहावं तर ज्या वाक्याचा हात धरून ती इतकी लांब गेली, ते वाक्य मीच तिच्याकडून काढून घेणार. मी लिहायला बसायचो. ‘चि. ॲनिशा’ लिहायचो, मग वाटायचं, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईला चिरंजीव काय म्हणायचं. ‘प्रिय’ लिहायचो, तर ते मला शोभत नसे. असे अकरा कागद गेले. शेवटी ते पत्र रसायनशास्त्राच्या एका जाड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात.

आमच्या संसारात माझा म्हणावा असा एकच नियम आहे: माझ्या पुस्तकांच्या कपाटाला कोणी हात लावायचा नाही. बाकी सगळे नियम माझी बायको विनी हिचे आहेत. यंदा ईस्टरच्या आधी घराला रंग काढायचा तिनं ठरवलं आणि माझा नियम मोडला. उपवासकाळातला तो शुक्रवार होता. किती पुस्तकं हलवावी लागतील याचा अंदाज घ्यायला तिनं नेमकं ते जाड पुस्तक ओढलं आणि पत्र खाली पडलं.

विनी घरी आमच्या गावच्या बोलीत बोलते. ती जशीच्या तशी लिहायची माझी हिंमत नाही. शाळेच्या भाषेत लिहितो, पण त्यात तिची धार निम्मी होते.

“मास्तर, हे काय?”

“पत्र.”

“ते दिसतंय. तीन वर्षांपूर्वीचं आहे. उत्तर दिलंत?”

“देणार आहे.”

“कधी? ती निवृत्त झाल्यावर?”

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, “मग तसं लिहा ना. मी असं म्हणालो नव्हतो म्हणून.”

“तिला काय वाटेल?”

“शास्त्रज्ञ आहे ना? खरं ऐकायची सवय असेल तिला.” मग पत्रावर बोट ठेवून ती म्हणाली, “आणि धूळ मागितलीय तिनं. धूळ! पोरीनं सोनं मागितलं असतं तर एक वेळ समजलं असतं. वटारमध्ये राहून तुम्हाला चमचाभर धूळ देता आली नाही?”

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्याकडेच्या केळीच्या पानांवरून धूळ गोळा करायची, उन्हातली वेगळी आणि सावलीतली वेगळी. रंगारी सोमवारी येणार होता. त्याच्या आधी पत्र लिहून व्हायला हवं असं विनीनं बजावलं. संध्याकाळी ती चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला गेली. तिथून परतताना तिनं ही गोष्ट दोन बायकांना सांगितली. दोघींनाच, असं ती अजूनही म्हणते.

शनिवारी सकाळी मी जुना दाढीचा ब्रश धुऊन, वाळवून, दोन कागद खिशात घालून निघालो. शेजारच्या वाडीपाशी आलो आणि माझी चप्पल चिखलात रुतली. समोर ॲलिस्टर उभा होता. हाही माझाच विद्यार्थी. आता पन्नाशीला आला आहे, केळी आणि पानवेली करतो. त्याच्या हातात पाण्याच्या मोटारीचा पाइप होता आणि तो केळीची पानं धूत होता. वरून, खालून, देठापासून टोकापर्यंत.

“गुड मॉर्निंग सर! बघा, कशी चकाचक!”

“हे काय चाललंय रे?”

“आपल्या गावाची धूळ बंगळूरला तपासायला जाणार ना? आईला काल चर्चमधून येताना कळलं. म्हटलं, सरांची मान खाली जायला नको. पहाटेपासून मोटार चालू आहे.”

मी गल्लीत पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सडा पडला होता. दोन बायका कुंपणाच्या तारा ओल्या फडक्यानं पुसत होत्या. नाक्यावरचा क्रूस साबणानं घासून काढला होता. विजेच्या खांबावरची पेटी कोणीतरी पुसली होती, जी गेल्या वीस वर्षांत विजेच्या माणसांनीही पुसली नसेल.

“एक कण जरी सापडला तरी सांगा,” ॲलिस्टर म्हणाला.

अशा वेळी तोंड उघडावं, ‘अरे बाबा, मला धूळच हवी होती’ असं सांगावं, हे मला कळतं. पण मी म्हणालो, “छान केलंस.”

“तुम्हीच शिकवलंय सर. शाळेची तपासणी असली की आदल्या दिवशी आम्हाला बाकं पुसायला लावायचात. बाकांच्या खालूनसुद्धा. मी विसरलो नाही.” मग त्याची नजर माझ्या हातावर गेली. “ब्रश कशाला आणलाय?”

“असाच,” मी म्हणालो आणि परत फिरलो.

विनीला सांगितलं तर ती ओटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “तपासणी म्हटलं की आपल्या लोकांच्या हातात आधी झाडू येतो,” ती म्हणाली. “आणि तो झाडू त्यांच्या हातात दिला कोणी? तुम्हीच ना?” मलाही हसू आलं. तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यातलं मुलांच्या लक्षात काय राहिलं असेल असा मला कायम प्रश्न पडतो. त्याचं एक उत्तर आता गल्लीभर ओलं होऊन पसरलं होतं.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. शेजारच्या गास गावी जावं का, दुसऱ्या कोणाच्या वाडीत जावं का, असा विचार केला. मग वाटलं, तिथेही बातमी पोचली असेल. शिवाय दुसऱ्याच्या वाडीत ब्रश घेऊन पानं झाडणारा म्हातारा म्हणजे काय दिसेल! तीन वर्षं उत्तर दिलं नाही ते बरंच झालं, देवाच्याच मनात नसेल, इथपर्यंत मी येऊन पोचलो. पळवाट शोधण्यात मी हुशार आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो तर रंगारी बळीराम भिंती बघायला आला होता. तो हायवेच्या बाजूला चंदनसारला राहतो. सोमवारपासून काम, पण आधी नजर टाकून जातो म्हणाला. माझ्या खोलीत येऊन तो कपाटासमोर उभा राहिला आणि त्यानं शीळ घातली.

“सर, हे हलवावं लागेल. पण केवढी धूळ हो ही!”

असं म्हणून त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

“थांब!” मी ओरडलो.

बळीरामचा हात तिथेच राहिला. विनी स्वयंपाकघरातून धावत आली. मी ओरडू शकतो हे तिला बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ते कपाट उघडं आहे, दारं नसलेलं. समोरच्या पश्चिमेच्या खिडकीला काच नाही, नुसते लाकडी गज आहेत. पावसाळ्यापुरत्या झडपा लावतो. दुपार कलली की त्या खिडकीतून ऊन येतं आणि कपाटाच्या डाव्या भागावर पडतं. तिथल्या पुस्तकांचे कणे फिके पडलेत म्हणून मी कितीदा हळहळलो आहे. उजव्या भागावर भिंतीची सावली असते, तिथे ऊन कधीच पोचत नाही. हवा तीच, समुद्राकडचा वारा तोच, धूळही तीच. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. ॲनिशानं मागितलं होतं ते तीन वर्षं माझ्याच खोलीत साठत होतं आणि तिचं पत्रही त्यातच ठेवलेलं होतं.

विनीच्या हे माझ्याइतकंच लवकर लक्षात आलं. ती म्हणाली, “बळीराम, नवा ब्रश आहे का तुझ्याकडे? रंग न लागलेला?”

बळीरामनं पिशवीतून कागदात गुंडाळलेला कोरा ब्रश काढला. मी काय करतोय ते त्याला सांगितलं. मला सलग इतकं बोलताना त्यानं कधी ऐकलं नसावं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

“म्हणजे सर, धूळ बसली की बसली, असं नाही?”

“नाही. ऊन पडलं की तिच्यावरचं काही सुटून परत हवेत जातं.”

“मग आमच्या चंदनसारला या. समोर दोन टॉवर उठतायत. बायको दिवसातून दोनदा गॅलरी पुसते. संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येईल एवढी परत येते. चमचा काय, पोतं देतो!”

त्या दुपारी विनीनं आणि मी धूळ गोळा केली. ती एकेक पुस्तक अलगद काढायची आणि मी वरच्या कडेवरची धूळ ब्रशनं कागदावर पाडायचो. आधी डावीकडची, मग ब्रश झटकून, धुऊन, पंख्याखाली वाळवून उजवीकडची. डावीकडची धूळ मला कोरडी आणि फिकी वाटली, उजवीकडची जराशी काळपट आणि चिकट. माझा भासही असेल. पाहायचं तेच माणसाला दिसतं असं मीच मुलांना सांगत असे. विनी प्रत्येक पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचत होती आणि मध्येच विचारत होती, “हे वाचलंत? खरंच? शेवटपर्यंत?” मी तिच्याशी खोटं बोललो नाही. त्यामुळे ती अजून हसली.

औषधाच्या बांधतात तशा दोन पुड्या बांधल्या. एकीवर ‘ऊन’ लिहिलं, दुसरीवर ‘सावली’. मग शंका आली की नावं उलटी तर पडली नाहीत? म्हणून ‘ऊन’ उघडून पाहिली, आणि नेमकी शिंक आली. निम्मं ऊन खोलीभर झालं.

“चला,” विनी म्हणाली, “आणखी दहा पुस्तकं काढा.”

सोमवारी सकाळी बळीराम आला आणि शिडी खाली ठेवायच्या आधी त्यानं खिशातून मलमाची एक छोटी काचेची डबी काढली. गरम पाण्यानं धुऊन वाळवलेली, आत करडी बारीक धूळ. झाकणावर कागद चिकटवून त्यानं लिहिलं होतं: ‘चंदनसार, चौथा मजला, गॅलरीचा कठडा, उन्हातली.’ खाली तारीखसुद्धा. इतकं नीटस लेबल माझ्या वर्गातल्या प्रयोगवहीत मी क्वचित पाहिलं असेल.

“काल दुपारभर पुसू दिलं नाही,” तो म्हणाला. “बायको म्हणते, तब्येत बरी आहे ना?”

भिंतींवर पहिला हात चढत होता तेव्हा मी ओटीवर बसून पत्र लिहिलं. बाराव्या कागदावर. ‘चि. ॲनिशा’ लिहिलं आणि पुढे गेलो.

‘तुझ्या पत्राला तीन वर्षं उत्तर दिलं नाही, कारण मला लाज वाटत होती. तू जे वाक्य माझ्या नावावर लिहिलं आहेस ते मी बोललो नव्हतो. मी म्हणालो होतो, काही होत नाही, खाली बस. वर्ग हसला होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि तसं सांगायचा धीर नव्हता. तेव्हा जे म्हणायला हवं होतं ते आता म्हणतो: मला माहीत नव्हतं. तू शोधलंस आणि मला सांगितलंस, हे माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे. तुझी चुलीची उपमा मी इथल्या रंगाऱ्याला सांगितली. त्याला ती लगेच पटली.

‘सोबत दोन पुड्या आणि एक डबी आहे. पुड्यांतली धूळ माझ्या पुस्तकांवरची आहे. खिडकीला काच नाही, हे मुद्दाम सांगतो. उन्हातला काही भाग काचेत अडतो असं वाचलं आहे. अंदाजे वीस वर्षांत ती कोणी पुसलेली नाही. गावातली धूळ पाठवता आली नाही. ती का, हे भेटशील तेव्हा ॲलिस्टर सांगेल.’

विनीला वाचून दाखवलं. तिनं ‘लायकीपेक्षा जास्त’ खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. मग तिनं पाकीट आणि डिंक आणून दिला.

पोस्टात त्या दिवशी खिडकीवर मर्लिन होती. ही ॲनिशाच्याच वर्गातली. मी तिथे सहसा जात नाही, म्हणून ती उठून उभीच राहिली.

“सर! तुम्ही? या ना. स्पीड पोस्ट?” तिनं पाकीट वजनावर ठेवलं, मग दाबून पाहिलं. “आत काय आहे?”

“धूळ.”

मर्लिननं माझ्याकडे पाहिलं. “धूळ,” ती म्हणाली.

“आणि पत्र.”

मग तिनं पत्ता वाचला आणि तिचा चेहरा उजळला. “ॲनिशा? आमची ॲनिशा? सर, आम्ही एका बाकावर होतो! पहिल्या.”

माझ्या मागे दोन माणसं उभी होती. इतर कुठल्याही दिवशी मी मान डोलावून पैसे देऊन निघालो असतो. त्या दिवशी कुठून बळ आलं माहीत नाही. मी विचारलं, “मर्लिन, कौल सरकलं होतं तो तास तुला आठवतो का? ॲनिशानं धुळीबद्दल विचारलं होतं. मी काय म्हणालो होतो?”

“आठवतो तर! तुम्ही म्हणालात, खाली बस. सगळे हसले. मी पण हसले, आणि तिनं मला कोपर मारलं.”

म्हणजे माझी आठवण बरोबर होती. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. निदान पत्रात लिहिलं ते खरं होतं.

“मग घंटा झाली,” पाकिटावर पट्टी चिकटवता चिकटवता मर्लिन म्हणाली, “आणि तुम्ही आमच्या बाकावर राहिलेला डस्टर घ्यायला आलात. तेव्हा पुटपुटलात.”

“काय पुटपुटलो?”

“मला नक्की माहीत नाही, तू शोध आणि मलाही सांग. कान लाल झाले होते तुमचे. सर, रागावू नका, पण तुमचं बोलणं पहिल्या बाकाच्या पुढे कधी जायचंच नाही. आम्ही दोघी तिथे बसायचो म्हणून पास झालो.”

मला हे आठवत नव्हतं. आताही आठवत नाही. डस्टर आठवतो, त्याच्यातून उडालेली खडूची पूड उन्हात गेली होती तेही आठवतं. पण बोललेलं नाही. मी म्हणालो, “नक्की?”

“नक्की म्हणजे काय! आठवडाभर ती मला तेच ऐकवत होती.”

“मर्लिन, ते पाकीट जरा परत दे. एक ओळ बदलायची आहे.”

“कुठली?”

मी विचार केला. खाली बस म्हणालो, हे खरंच होतं. माहीत नव्हतं, हेही खरंच होतं. कुठली ओळ बदलायची ते मला सांगता येईना.

तेवढ्यात शिक्क्याचा आवाज झाला. “झालं, सर,” मर्लिन म्हणाली. “आता ते पोस्टाचं.” आणि तिनं पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. पिशवीतून थोडी धूळ उडाली. शेजारच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ती वर चढली आणि तरंगत राहिली. मर्लिन वळून तिच्याकडे बघू लागली, आणि मीही.

“आजोबा,” मागचा माणूस म्हणाला, “पत्र गेलं. आता सरका की पुढे.”